आधारनानांचा खटका

आधारनानांना माणसांचा वैताग होता, आणि चौऱ्याहत्तर साल उजाडेपर्यंत तो वैताग त्यांच्या पारोळ्यातल्या रेडिओच्या दुकानात मावेनासा झाला होता. त्यांचं म्हणणं एकच. लोकांना हल्ली बोलताच येत नाही. गिऱ्हाईक काउंटरला टेकतं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतं, आणि आपण 'काय' म्हटलं की आपल्याकडेच बघत बसतं. पूर्वीची माणसं कशी छातीतून बोलायची. आताच्यांना जेवायला मिळत नाही की काय, कोण जाणे.

नानांचं नाव होतं ते त्यांच्या कानामुळे. लष्करात वायरलेसच्या कारखान्यात सात वर्षं काढून ते गावी परतले आणि बाजारपेठेत आठ फूट रुंदीचं दुकान थाटलं. मीटर होता, पण तो बहुधा कपाटात. नाना रेडिओ पालथा करायचे, मागचा पुठ्ठा काढायचे, आत एका ठरावीक जागी बोट टेकवायचे आणि जी घरघर येईल ती डोळे मिटून ऐकायचे. मग सांगायचे, अमुक व्हॉल्व्हची नळी गेली. आणि ती गेलेलीच असायची. अमळनेरहून, धरणगावहून लोक एस.टी.च्या टपावर सेट बांधून आणायचे. दुरुस्त झालेला रेडिओ नानांनी ऐकून 'ने' म्हटल्याशिवाय कोणी उचलायचा नाही. नानांनी 'ने' म्हटलं की त्यावर पुन्हा बोलायची सोय नव्हती.

शेजारी माणकचंदचं कापडाचं दुकान. माणकचंद माणूस गोड, पण वर्षानुवर्षं त्याचं एकच तुणतुणं चालू होतं. आधारभाऊ, आवाज कमी करा. दिवसभर तुमचे रेडिओ किंचाळतात, मी गिऱ्हाइकाला लुगड्याचा पोत समजावतो आणि ते तुमच्या बातम्या ऐकत बसतं. नाना सुरुवातीला दाद देत नसत. पण पर्युषणाचे उपास चालू असताना माणकचंदची आई लाडकुंवरबाई स्वतः उन्हातून चालत आली, दुकानासमोर उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. तेव्हा मात्र नानांना लाज वाटली. धुळ्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी लष्करी हेडफोनचा एक जोड आणला, टेबलाच्या कडेला एक खटका ठोकला आणि माणकचंदला बोलावून दाखवला. खाली केला की आवाज स्पीकरमधून, वर केला की फक्त हेडफोनमध्ये, आणि मधोमध ठेवला तर दोन्हीकडे. मधला टप्पा गिऱ्हाइकाला सेट ऐकवताना लागतो. बाकी दिवसभर खटका वर राहील. आता तरी झालं का तुझं समाधान?

माणकचंदचं झालं. पण खरा फायदा झाला तो नानांचा. हेडफोन डोक्यावर चढवल्याबरोबर त्यांना कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं इतकं स्वच्छ ऐकू आलं. बातम्या देणारा माणूस जणू कानात बसून बोलत होता. नाना खूश झाले आणि लगेच चिडले. म्हणजे दोष लोकांच्या सेटमधल्या स्पीकरचा होता तर. कारखानेवाले कागद निकृष्ट वापरतात, दमट हवेने तो मऊ पडतो आणि मग शब्द गिळतो. हा शोध लागल्यावर त्यांना कोणी आवरू शकलं नाही. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटचा स्पीकर ते काढू लागले आणि त्या जागी मुंबईहून मागवलेले नवे, लहान, टणक आवाजाचे स्पीकर बसवू लागले. काढलेले जुने टेबलाखालच्या खोक्यात जात.

मग डोकेदुखी सुरू झाली. गेलेले सेट परत येऊ लागले. कोणी म्हणे आवाज टोचतो, कोणी म्हणे पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाटतं. नाना प्रत्येकाच्या देखत सेट लावत, स्पीकरजवळ मान तिरकी करून ऐकत आणि सेट पुढे ढकलत. स्वच्छ आवाज आहे, न्या. लोक मुकाट नेत. आपण जन्मभर घोगऱ्या आवाजाची सवय लावून घेतली, असं स्वतःला समजावत नेत.

दोन कोसांवरच्या खेड्यातला जीवराम असाच तीनदा आला. तो सांगे, आमच्या आईला, नर्मदाबाईला, नव्या स्पीकरवर एक शब्द कळत नाही. म्हातारी रोज संध्याकाळी रेडिओपुढे बसायची, आता चिडून उठून जाते. तिसऱ्या खेपेला नानांचा पारा चढला. तीन तीनदा तेच दळण. त्यांनी सेट लावला, ऐकला, बंद केला आणि सांगून टाकलं, सेटात काही दोष नाही, म्हातारीचे कान तपास. जीवरामने मान डोलावली. नानांनीच सांगितलं म्हटल्यावर तो आणखी काय बोलणार.

त्यानंतर वर्षभराने, वैशाखातली एक संध्याकाळ. माणकचंदच्या दुकानात लग्नाचा बस्ता चालू होता. नवरीकडची पंधरा-सोळा माणसं गादीवर पसरली होती, बायकांच्या पुढ्यात शालूंचा ढीग पडला होता. इकडे नाना घामाघूम होऊन एका सेटशी झुंजत होते. तास झाला तरी सेटातून हूं की चूं नाही. नळ्या बदलल्या, जोड तपासले, हेडफोन कानांवर दाबून धरले, तरी शुकशुकाट. असला बेइमान सेट त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

खांद्यावर हात पडला म्हणून त्यांनी हेडफोन उतरवले. माणकचंद उभा होता. तोंड वाकडं करून तो म्हणाला, ती शिट्टी बंद करा, माझी माणसं उठून चाललीत. नाना तडकले. कसली शिट्टी? सेट मेलेला आहे, तुझं ते जुनं तुणतुणं पुन्हा वाजवू नकोस. माणकचंदने सेटाकडे पाहिलं, नानांच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेला पाहिलं. घाईत नानांनी खटका मधोमध ठेवला होता.

माणकचंदने खटका वर केला. नानांची नजर सहज पलीकडे गेली. बस्त्याला आलेल्या बायका कानांत बोटं घालून बसल्या होत्या. त्यांचे हात एकदम खाली आले. एकीने सुटकेचा श्वास सोडला, तोही दिसला. नाना बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने खटका पुन्हा मधोमध आणला. सगळ्या बायकांचे हात झटकन कानांवर गेले, एका म्हाताऱ्याने तर उपरणंच डोक्याभोवती गुंडाळलं. आणि नानांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा करून बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी सेटचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसले. माणकचंद दुकानाच्या पायरीवर जाऊन आपल्या गिऱ्हाइकांना मोठ्याने म्हणाला की सेट फार बिघडलेला आहे, आधारभाऊ तरी काय करणार. मग परत येऊन तो नानांच्या समोर, ओठ नीट दिसतील असा उभा राहिला.

"मी कोणाला सांगणार नाही, आधारभाऊ," तो म्हणाला. "पण तुम्ही तो खोका बघा."

खोका बघायची गरजच नव्हती. बारीक आवाज आपल्याच कानातून गेले होते आणि चांगलेच्या चांगले स्पीकर आपण उपटून काढले होते, हे नानांना बायकांचे हात खाली आले तेव्हाच कळलं होतं. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की एक स्पीकर उचलून त्यांनी रस्त्यावर फेकायला हात उगारला, आणि पुन्हा खोक्यात ठेवला. तो दुसऱ्याचा होता.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, द्रौपदाबाईला, आडून आडून विचारलं, माझ्या ऐकण्यात तुला काही फरक वाटतो का. द्रौपदाबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, की दोन वर्षं झाली, ती त्यांच्या पाठीमागून बोलतच नाही. मग सांगितलं का नाहीस, म्हणून नाना भडकले. ती म्हणाली, सांगितलं होतं. दोनदा.

त्या रात्री नानांनी हिशेब मांडला तो आपल्या नावाचा. माणकचंद शब्दाचा पक्का होता. खटका वर ठेवला, हेडफोन लावून काम केलं तर आणखी काही वर्षं सहज निघाली असती. कोणाला कळलं नसतं. आणि कळलं, तर बहिऱ्या माणसाकडे रेडिओ घेऊन कोण येणार? कान गेला म्हणजे दुकानच गेलं. हे सगळं त्यांना पटत होतं. पण तिसऱ्या खेपेला मान डोलावून गेलेला जीवराम काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता त्यांनी जीवरामच्या सेटचा जुना स्पीकर सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि उन्हाआधी खेडं गाठलं. जीवरामने लगबगीने घोंगडी टाकली. नानांनी त्याला सांगितलं, माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघून बोल, आणि आधी म्हातारी कुठे आहे ते सांग. जीवराम ओशाळला. आई मागच्या पडवीत असते, म्हणाला. नानांनी सांगितल्यावर तिला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाला कान ठीक आहेत. पण डॉक्टरपेक्षा नानांचा शब्द मोठा, म्हणून घरच्यांनी गरम तेल घालणं चालूच ठेवलं. आता तिच्याशी सगळे ओरडूनच बोलतात, आणि सून तर बोलतच नाही, हातवारे करते. चार माणसांत बसवलं तर उगाच हसू होतं, म्हणून ती मागेच बरी.

नानांनी सेट पुढ्यात ओढला. पुठ्ठा काढला, जुना स्पीकर बसवला, तारा जोडल्या. रेडिओ लावला. आवाज कसा आहे हे आता त्यांना स्वतःला कळणार नव्हतं. पडवीच्या दारात नर्मदाबाई येऊन उभी राहिली होती. बातम्या संपेपर्यंत ती तशीच उभी राहून ऐकत होती, आणि एकेका गावाच्या नावाला मान हलवत होती.

नाना उठले, तिच्या पुढ्यात गेले. पारोळ्यात ते शहरी मराठी बोलत, पण आता तोंडातून आईची अहिराणी बोली आली.

"अक्का, तुना कान चांगला शे," ते म्हणाले. "बहिरा मी शे."

जीवराम खाली बघू लागला. म्हातारीने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वरीसभर बठ्ठं घर मना कानमा वरडनं," ती म्हणाली. सगळं घर, वर्षभर; एकेक शब्द इतका सावकाश की नानांना तो सगळा दिसला. मग तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना माजघराकडे, चुलीपुढच्या सुनेकडे वळवलं. "हाई आते जोरमा सांग. सून चुल्हापान शे."

नानांनी घसा साफ केला, आणि मी बहिरा आहे, हे गल्लीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं.