पाठ पुसणारे पैलवान

आमच्या दाजींइतका चांगला पैलवान सोलापुरात झाला नाही, आणि त्यांच्याइतका लोकांच्या ध्यानात न राहिलेला पैलवान तर साऱ्या मुलखात झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे वळसंगचे, पोटासाठी सोलापुरात गिरणीच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलीत आणि उरलेला सारा वेळ तालमीत घालवीत. त्यांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. परवा वाचनालयात एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमचे मेहुणे सज्जन होते हो, पण त्यांच्या अंगात जोश नव्हता." मी शाळामास्तर, भांडणारा माणूस नाही. हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि घरी आलो. त्या वाक्याची मात्र काही केल्या घडी होईना, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

जोश नव्हता म्हणजे काय, तर दाजी शड्डू ठोकत नसत. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाने मांडीवर अशी थाप मारावी की ती शेवटच्या रांगेला ऐकू जावी, ही लोकांची पहिली अपेक्षा. दाजी नुसते माती कपाळाला लावीत आणि लग्नघरी ओळख नसलेल्या पाहुण्यासारखे कडेला उभे राहत. मी एकदा कारण विचारले तर म्हणाले, "मास्तर, गर्दीत कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असतंय. उगं दचकायचं." समोरच्याची मान काखेत आवळून धरली की त्याच्या कानाशी हळूच आपल्या गावाकडच्या कानडीत विचारीत, "साकेनप्पा?" म्हणजे, बास का रे बाबा? अक्कलकोटकडच्या एका पैलवानाला या प्रश्नाचा इतका संताप आला की तो कुस्ती थांबवून पंचांकडे गेला. "ह्यो मला इचारतोय, दुखतंय का म्हणून! कुस्ती हाय का दवाखाना?" दाजींनी सर्वांसमक्ष त्याची माफी मागितली, आणि माफी मागून झाल्यावर त्याला चीत केले.

पण त्यांचा सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे ते फार लवकर जिंकत. लोक चार-चार कोसांवरून चालत यायचे, जागा धरायचे, शेंगा घ्यायचे, आणि पहिली शेंग फोडेपर्यंत दाजींची कुस्ती आटोपलेली असायची. पाहणाऱ्याला वाटे की समोरचा आपणच घसरून पडला आणि हे सभ्य गृहस्थ त्याला उठवायला धावले. तालमीचे वस्ताद कपाळाला हात लावायचे. "अरं, जरा खेळव की त्येला! लोकांनी शेंगा घेतल्यात त्या तरी संपू दे!" यावर दाजींचे उत्तर ठरलेले: "न्हाईतरी पडणारच हाय, वस्ताद. मग त्येला दमवायचं कशाला?" जिंकल्यावर फेटा बांधून मैदानाला फेरी मारायची रीत आहे. त्या वेळी दाजी कुठे असत? विहिरीवर, पाय धूत.

याउलट मोडनिंबकडचा एक पैलवान होता. त्याला सगळे मोडनिंबकरच म्हणत. तो मुद्दाम उशिरा यायचा. यायचा तो हलगीच्या तालावर, मिशीला पीळ देत. पंचांशी भांडायचा, मूठभर माती उधळायचा, हरला तर रडायचासुद्धा. तो कोणता खुराक खातो हे लोकांना पाठ होते. त्याच्या म्हशीचे नावही ठाऊक होते. दाजींचे नाव विचारले तर लोक म्हणत, "त्यो न्हवं का, गोदामातला, गप असतोय त्यो."

अशा या दोघांची जोड एका वर्षी सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत लागली. मैदानातली ती शेवटची, मानाची कुस्ती. ती जिंकणाऱ्याला हलगी लावून त्याच्या घरापर्यंत मिरवीत न्यायचे. बायकांनी मैदानात जाण्याची तेव्हा पद्धत नव्हती, त्यामुळे अक्काने नवऱ्याची एकही कुस्ती पाहिलेली नव्हती. तिला मिरवणूक तेवढी पाहायची होती. आपल्या दारात, एकदा. सकाळीच तिने अंगण सारवले, रांगोळी घातली, ओवाळायचे ताट तयार ठेवले.

कुस्ती लागली तेव्हा पुढची गर्दी दोर ओलांडून आत घुसत होती आणि पंच पाठ फिरवून तिला मागे रेटीत होते. तेवढ्यात दाजींनी ढाक मारली. मोडनिंबकर पाठीवर सपशेल पडला. दोन्ही खांदे जमिनीला टेकले. मी समोरच होतो. मी ते चष्मा लावून पाहिले आहे. दाजींनी लगेच त्याला हात देऊन उभे केले, आणि मग आजवर कुठल्या पैलवानाने केली नसेल अशी गोष्ट केली. त्याच्या पाठीवरची ओली लाल माती त्यांनी आपल्या हाताने, नंतर स्वतःच्या टॉवेलने, नीट पुसून काढली. पंच वळले तेव्हा दोन पैलवान उभे होते आणि दोघांच्या पाठी स्वच्छ होत्या.

पंचांनी विचारले, "पाठ लागली का?" मोडनिंबकराने लोकांकडे पाहिले. लोक ओरडले, "न्हाई! न्हाई!" मग तोही म्हणाला, "न्हाई." मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "लागली! लागली!" मागून कुणीतरी म्हणाले, "मास्तर, तुमी पुस्तक बघा." पंच दाजींकडे वळले. एका शब्दाचे काम होते. दाजी म्हणाले, "त्यो न्हाई म्हणतोय न्हवं? मग पुन्ना धरू की."

पुन्हा धरली. आता मोडनिंबकर हाताला लागेचना. निसटायचा, गर्दीकडे धावायचा, मिशी पिळून परत यायचा, आणि प्रत्येक निसटण्याला टाळ्या पडायच्या. अंधार पडला तशी कुस्ती बरोबरीत सोडली. लोकांनी मोडनिंबकराला खांद्यावर घेतले आणि हलगी भलत्याच दिशेला गेली.

दाजींच्या मागोमाग मी घरी पोचलो तेव्हा बातमी आमच्याआधी आली होती.

"पाठ पुसायला तुमी त्येची आई हाय का?" अक्का दारातच म्हणाली.

"अगं, चार लोकांत माणसाला तसंच कसं उभं करायचं? हात आपोआप गेला."

"आन् तोंड? ते न्हाई उघडलं आपोआप?"

"मी पाडलं म्हणून मीच वरडायचं व्हय? त्येला ठाऊक हाय. मला ठाऊक हाय."

"आन् गावाला?"

 दाजी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने घरात गेले.

लोकांना चांगली कुस्ती नको असते असे मी म्हणणार नाही. पण त्यांना त्या कुस्तीत आपलीही जागा हवी असते. मोडनिंबकर भांडला की लोक भांडत, तो रडला की लोक रडत. दाजींची कुस्ती त्यांच्या मदतीवाचून पुरी होत असे, याचाच त्यांना राग होता. असो राग. म्हणून दाजींनी शड्डू ठोकायला हवा होता, पाठ मळकी ठेवायला हवी होती, असे मला कोणी शिकवू नये. तो जोश नव्हे, ती आरडाओरड. दाजी जिंकले होते. पंचांनी दिले नाही, गावाने दिले नाही. मी लेखी देतो.

यंदा जत्रेत एका तरण्या पैलवानाची मिरवणूक अक्काच्या दारावरून गेली. मी तिच्याकडेच होतो. ती उठणार नाही असे वाटले, पण हातातले सूप खाली ठेवून ती दारात आली. पैलवान फेटा बांधून हलगीपुढे डौलात चालला होता. ती त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हती.

"डावा पाय लई पुढं टाकतंय पोरगं," ती म्हणाली. "आखाड्यात बी टाकत असंल. कुणीतरी त्योच पाय धरून पट काढील त्येचा."

"अक्का, तू तर जन्मात आखाडा पाहिला नाहीस."

"मी कुटं बघणार? ह्येनी सांगायचे की. परातीत पीठ पसरून, बोटानं रेघा मारून. कोण कुटं हुबा, कुणाचा हात कुटं. भायेर गप असायचे, पण हितं बसले की मलाच म्हणावं लागायचं, बास करा आता, भाकऱ्या करू द्या."

हलगी दूर गेली. ती ऐकू येईनाशी झाल्यावर अक्काने चौकट सोडली. मग आत वळता वळता म्हणाली, "आता भाकऱ्या लई लवकर हुत्यात."