कुंदाला न सोसलेलं ऊन

फोन आला तेव्हा मी आर्वीच्या डेपोत गावाकडे, रोहण्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या शांताबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, लवकर या... कुंदा गेली जी." तिच्या छातीत कफ साठला होता, त्याचंच औषध माझ्या पिशवीत होतं. गाडी आली, मी खिडकीशी बसलो, तिकीटही काढलं. अशा वेळीही माणूस सगळं नीटनेटकं करतो, याचा मला रागच येतो.

कुंदा माझी धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवायची. तिशीत एकदा तिला धूसर दिसायला लागलं, मग पायांना मुंग्या. नागपूरच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. शरीराची राखण करणारी फौजच तिच्या नसांवरचं आवरण कुरतडत होती. रक्तात व्हिटॅमिन डीही फार कमी निघालं. ते ऐकून मी मात्र खूश! कमी आहे ना, मग भरून काढू... शांताबाई म्हणाल्या, "आपल्या इकडं उन्हाले काय तोटा? वड्या घालाले येऊ द्या तिले." कुंदालाही तेच हवं होतं, बायकांत बसायचं.

शिवरात्रीनंतरचं ऊन ते. वड्या घालता घालता तिचे हात थांबले, पाय लुळे पडले, समोरचं दिसेना. उचलून आत आणली, ओल्या टॉवेलने अंग पुसलं, तेव्हा कुठे पायांत जीव आला. अंग तापलं की हा आजार असाच उसळी खातो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मग दर रविवारी दुधातून व्हिटॅमिन डीची पुडी. दर खेपेला मी डॉक्टरांना विचारायचो, आता पाय सुधारतील ना? ते म्हणायचे, डी कमी असू नये हे खरं, पण त्याने आजार आवरेल असं छातीठोक सांगता येत नाही. परतताना कुंदा चिडायची. "काऊन भंडावून राह्यला त्यायले? पुडीनं हाडं टिकतीन, दादा. पायाची आस सोड आता." मी नाही सोडली. सोडून दोघांनी घरात बोलायचं काय होतं?

हिवाळ्यात सारं गाव बाहेर ऊन खात बसायचं आणि आम्ही उन्हाच्या धास्तीने आत, जाड पडद्याआड. बायकांचं हसणं ऐकू यायचं. "काय झालं असन रे?" ती विचारायची. मला कुठे माहीत असायचं...

तेरवी झाली, पाहुणे गेले. आता फार एकटं वाटतं. परवा शांताबाईंनी तिच्या खिडकीचा जाड पडदा धुवायला नेला. दुपारी ऊन सरकत थेट तिच्या बाजेवर आलं. मी उठलो, बाज सावलीत ओढली. फार हलकी लागली.