बंद इंजिनावरचा कागद

भुतंखेतं, बाहेरची बाधा असलं काही मी कधीच मानलं नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तोंडावर विचारायचो, "मग ब्रेक कशाला ठेवलेत? काढून टाकू काय?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

१९७८ साल, खंडेनवमी. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज होतं. सकाळीच पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. बाकी काही मानत नसलो तरी एवढं मी पाळायचो.

शेडमध्ये एका वकीलसाहेबांची गाडी उभी होती. निळा धूर, चहूकडून ऑइलची गळती. मी न उघडताच ठोकून दिलं होतं — पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवायला लागणार! तिचा ड्रायव्हर दत्तूअण्णा, माझा जुना दोस्त, त्याला ते पटलं नव्हतं. पण तो तीन दिवस दम्यानं दवाखान्यात पडलेला. आजचा दिवस निघाला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास अण्णाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. डोळे रडून सुजलेले. "भावजी, ह्यांना धड बोलवत न्हाय, तरी निरोप धाडलाय. रिंगा न्हाईत गेल्या म्हणं. कागद ठिवून बघा, आन् बिरीदर उघडा."

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर कागद ठेवायचा. उडाला, तर आत हवा कोंडतेय. पण ती रिंगांमुळेच असं नाही. ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडताना ऑइल अडवणारी जाळी, तुंबली तरी तेच होतं. ती मी बघितलीच नव्हती. लाज वाटली, आणि खरं सांगतो, रागही आला... मरणाच्या दारात पडलेला माणूस मला इंजिन शिकवतोय!

इंजिन चालू केलं, कागद ठेवला. उडाला. इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि कागद उचलून सहज परत तोंडावर ठेवला.

तो वर उचलला गेला. खाली बसला. परत वर... परत खाली.

किल्ली माझ्या हातात! पंखा नाही, वारा नाही. कागद काढून पुन्हा ठेवला — तेच. वहिनी मागे सरकल्या. "आवं, ह्यांचा श्वास सकाळपास्नं असाच चाललाय की!"

हत्यार तर उचलायचं नाही, म्हणून कोपऱ्यातली तार घेतली आणि ब्रीदरच्या नळीत खुपसली. कागद थडथडला आणि थांबला. हलेचना. मी घाबरून तार ओढून काढली, सरळ पाटावरचा पाना उचलला आणि ब्रीदरचं झाकण खोललं. जाळीत काकवीसारखं घट्ट काळं ऑइल. जाळी बाहेर खेचली तसा कागद एकदा चांगला वर आला, हळूच खाली बसला आणि पुन्हा हलला नाही.

वहिनींना स्कूटरवर घेऊन तसाच दवाखाना गाठला. दारातच नर्स म्हणाली, "मघाशी पेशंट किती ओरडला! 'तार काढ नामा, तार काढ' म्हणून. आम्ही सगळं बघितलं, तार कुठंच न्हाई. मग आपोआप श्वास मोकळा झाला बघा."

नामा म्हणजे मी. आत अण्णा शांत झोपला होता. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो.

अण्णा बरा झाला. त्याला त्यातलं काही आठवत नाही. गरम इंजिनात हवा उरते, कबूल, पण ती क्षणभर. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या माणसाला माझ्या हातातली तार कशी कळली?

चार वर्षांनी वकीलसाहेबांनी गाडी विकायला काढली. दुसऱ्याच दिवशी वहिनी गॅरेजवर हजर, अण्णाला न सांगता. "भावजी, तेवढं इंजिन परक्याच्या हातात जाऊ देऊ नगा."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मुकाट्यानं गाडी विकत घेतली. अण्णा आज ठणठणीत आहे. गाडी माझ्या शेडमध्ये आहे, आणि तिच्या इंजिनाला मी कुणालाही हात लावू देत नाही. का, ते मला विचारू नका.