फोनमधला वारा

लाइनमन पाखरू गेला, त्या दिवसापासून ताईंच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द कुणी ऐकला नाही. दार लावलंय, नळ सोडला नाहीये, दुकान आज उघडणार नाही, असा वळसा घालून त्या बोलायच्या. इतर कुणाच्या लक्षात आलं नाही. पण नवरा शाळेत भाषा शिकवणारा, त्याच्या कानाला खटकलं. तो चेष्टेखोर माणूस. “आमच्या घरात दिवा बदलायचा तर आधी चौकशी समिती नेमावी लागते,” असं पाहुण्यांना सांगायचा. पण या एका गोष्टीवर त्याने कधी विनोद केला नाही.

ताई वीज उपकेंद्रात ऑपरेटर होत्या. लांबून मोठ्या तारांनी येणारी वीज तिथे उतरवून गावात वाटली जायची. जाळीच्या कुंपणात घुमणारी रोहित्रं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि पलीकडे एक खोली. खोलीत हिरव्या रंगाची पोलादी कपाटं, त्यांच्यावर फिरवायच्या मुठी आणि विजेचा जोर दाखवणारे काटे, एक टेबल, बसून बसून खोलगट झालेली खुर्ची आणि काळा फोन. कुठे तार दुरुस्त करायची असली की लाइनमन खांबाखालून फोन करायचा. ताई मूठ फिरवून त्या भागाची वीज तोडायच्या, ती कुणी परत फिरवू नये म्हणून मुठीला लाल पाटी अडकवायच्या, आणि मग परवानगी द्यायच्या.

पाखरू हा त्यातला सगळ्यात चपळ लाइनमन. जमिनीपेक्षा खांबावरच जास्त रमायचा म्हणून हे नाव पडलेलं. खांबाला पाय लावण्याआधी तो नेमाने विचारायचा, “ताई, चढू का?”

त्या दुपारीही त्याने विचारलं. ताईंनी मूठ फिरवली, काटा शून्यावर आलेला पाहिला, पाटी लावली. “लाइन बंद आहे. चढ,” त्या म्हणाल्या.

लाइन त्यांच्या बाजूने खरोखरच तोडलेली होती. पण त्याच लाइनवर दूरच्या टोकाला एक पिठाची गिरणी होती, आणि गिरणीच्या छपरावर नुकतीच सौर पॅनेल बसवली होती. बाहेरची वीज गेली की अशा यंत्राने आपोआप थांबायचं असतं. गिरणी अडू नये म्हणून कुणीतरी ती सोय काढून टाकली होती. छपरावरची वीज उलट्या वाटेने तारेत शिरली. पाखरू तार जमिनीशी जोडायची साखळी अडकवायला हात पुढे करत होता. साखळी अडकण्याआधीच त्याचा हात तारेला लागला.

चौकशी झाली. ताईंचा काही दोष नाही, असं अधिकाऱ्यांनी लिहून दिलं. ताईंनी ते वाचलं, घडी घातली. जेवण मात्र पुढे कितीतरी दिवस गोड लागलं नाही.

मग फोन यायला लागले.

दुपारी, सगळं शांत असताना फोन वाजायचा. ताई उचलून म्हणायच्या, “उपकेंद्र.” पलीकडून कुणी बोलायचं नाही. फक्त वारा ऐकू यायचा. उंचावर, तारांमधून वाहतो तसा, बारीक शीळ घालणारा वारा. “कोण आहे?” त्या विचारायच्या. थोड्या वेळाने फोन ठेवला जायचा.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? खांबावर गेलेला माणूस अजून खाली उतरला नाहीये आणि परवानगीची वाट बघतोय, असं? लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण रजेच्या दिवशी त्यांना बेचैन व्हायचं. आज फोन कोण उचलेल, असं वाटायचं.

अशी वर्षं गेली. छपरांवर पॅनेल वाढत गेली, माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जुन्या तारांना, जुन्या मुठींना हे झेपेना. वीज एका बाजूने यायची आणि दुसऱ्या बाजूला जायची, यावर सगळी व्यवस्था बेतलेली. आता दुपारी घरंच वीज पाठवायला लागली होती. वरून हुकूम आला, सगळं नवं करायचं. खांबाखांबावर वीज आहे की नाही ते कळवणारी यंत्रं, दुरून चालणारे स्विच, घरोघरी आपणहून आकडे कळवणारे बोलके मीटर, वीज साठवायला बॅटऱ्या. उपकेंद्रात माणसाची गरज उरणार नव्हती. ताईंची बदली शहरातल्या नियंत्रण कक्षात झाली.

शेवटच्या आठवड्यात मीटर बसवणारी तुकडी उपकेंद्रात सामान उतरवायला आली. त्यात निळा कोट घातलेली एक बाई होती. बाकीचे बाहेर चहा पीत बसले, ती आत आली.

“ताई, ओळखलंत?”

ओळखलं. पाखराची बायको. त्याच्या जागी तिला नोकरी मिळाल्याचं ताईंनी ऐकलं होतं. भेटायची हिंमत झाली नव्हती. त्या उभ्याच राहिल्या. “बस ना गं.”

ती बसली नाही. काळ्या फोनकडे बघत म्हणाली, “हा आता काढणार म्हणे?”

“हो. परवा.”

“मग सांगूनच टाकते. रागावू नका. दुपारी फोन करून न बोलणारी मी होते.”

ताईंनी टेबलाची कड धरली.

“त्यांच्या मोबाइलवर शेवटचा नंबर इथला होता,” ती म्हणाली. “शेवटचा आवाज त्यांनी तुमचा ऐकला. मला तो ऐकावासा वाटायचा. शिव्या द्याव्यात असंही वाटायचं, खोटं नाही सांगत. पण तुम्ही ‘उपकेंद्र’ म्हणालात की माझी वाचाच बसायची.”

“कुठून करायचीस?”

“घरातून. दारंखिडक्या लावून. तोंडावर पदर धरायचे, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.”

“म्हणजे वारा...” ताई बोलता बोलता थांबल्या.

“कसला वारा?”

“काही नाही.”

बाहेर रोहित्रं घुमत होती. दारंखिडक्या लावलेल्या घरातून तारांमधला वारा कसा ऐकू आला? हिला सांगावं का? सांगून काय मिळेल तिला? त्यांनी ते तिथल्या तिथे गिळलं.

“एक मागू?” पाखराची बायको म्हणाली. “त्या दिवशी काय बोललात ते एकदा म्हणून दाखवा ना.”

ताईंचे ओठ हलले. तो एक शब्द येईना. “ते नाही गं जमणार मला,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्या आधीचं सांगते. तो हसत होता. म्हणाला, आज लवकर सुटायचंय, बायकोने नवी सायकल घेतलीय आणि तिला चालवता येत नाही. मागून धरायला मीच लागणार.”

ती आधी फिसकन हसली आणि हसता हसता खुर्चीत कोसळली. “येत होती मला!” ती म्हणाली. “चांगली येत होती. त्यांनी मागून धरावं म्हणून पडायचे मी.”

ताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. बाहेरून कुणीतरी हाक मारेपर्यंत दोघी तशाच होत्या.

नियंत्रण कक्षाला खिडक्या नाहीत. भिंतभर पडदा आहे, आणि त्यावर प्रत्येक लाइन, प्रत्येक खांब, प्रत्येक छप्पर. कुठल्या छपरावरून वीज तारेत येते आहे ते तिथे लगेच दिसतं. हे तेव्हा असतं तर, हा विचार ताई मनात येऊ देत नाहीत, तरी येतोच. पाखराचा खांब त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून ठेवला आहे.

वीज कुठे वाहतेय ते दाखवणारे पडद्यावरचे बाण सकाळी गावाकडे तोंड करून असतात. ऊन चढलं की ते एकेक करून मागे वळतात, जणू कुणी हाक मारली. त्या खांबापाशीही वळतात.

“ऊन झकास पडलंय आज, मॅडम,” शेजारचा इंजिनिअर म्हणतो.

“हो,” ताई म्हणतात. आणि त्या खांबापाशीचा बाण पुन्हा गावाकडे वळेपर्यंत त्या जागेवरून उठत नाहीत.