जगायला गेलो होतो

पोलीस भरतीसाठी तीन महिने धावत होते, पण आठशे मीटरच्या शेवटच्या फेरीत माझा दम तुटायचा. म्हणून शहापूरच्या आमच्या कॉलेजात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा मी स्वतःहून रांगेत उभी राहिले. डॉक्टरबाईंनी एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं. काटा अर्ध्यावर थांबला. पुन्हा फुंकले, तरी तिथंच.

मग त्यांनी माझा फॉर्म पाहिला. 'लहानपणी कुटुंबासोबत स्थलांतर करावं लागलं का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. खोटं लिहायचं नव्हतं. स्थलांतर हा शब्द मी भूगोलात शिकले होते, तो आमचा असेल असं वाटलंच नाही.

"गाव डोळखांबकडचं ना? दिवाळीनंतर पाड्यावरच असायचात?"

"नाय मॅडम, दिवाळीनंतर जगायला जायचो."

"कुठे?"

"वीटभट्टीवर."

त्यांनी माझा 'नाही' खोडला.

आमच्याकडे हाच शब्द आहे. भात झोडून झालं की माणसं जगायला जातात आणि पावसाच्या आधी परततात. चार वर्षांची असल्यापासून मी सहा हंगाम मुरबाडच्या बाजूला एका भट्टीवर काढले. थंडीत आम्ही पोरं भट्टीच्या अंगालाच झोपायचो, कारण तिथं ऊब असायची. सकाळी नाक पुसलं की बोट काळं व्हायचं.

बाई म्हणाल्या, "फुप्फुसं लहानपणी वाढतात. तेव्हा धूर आणि अर्धपोट खाणं असेल, तर ती कमी वाढू शकतात. तुझं त्यामुळेच झालं असं आज ठामपणे सांगता येणार नाही. नीट तपासू. घरी अजून लहान कोणी आहे?"

"बहीण. सहा वर्षांची. ती अजून जाते."

एसटीत बसून मी माझा श्वास मोजत होते. भीती वाटायला हवी होती कदाचित, पण नवलच जास्त वाटत होतं. इतक्या वर्षांपूर्वीचा धूर अजून माझ्यात कुठं असेल?

घरी आई नाचणी पाखडत होती. आठ दिवसांनी घरचे भट्टीवर निघणार होते.

"आई, मी तिथं खोकायची का गो?"

"लय. मुकादम बोलायचा, सकाळी उठवायला भोंगा कशाला, ही पोरगी हाय ना." ती हसली. मग सूप थांबलं. "उपाशी नाय ठेवलं तुला कधी."

"मी कुठं तसं बोलले?"

"मग इचारतेस कशाला?"

मी चुलीजवळची फुंकणी घेतली आणि जोरात फुंकली. थोडी राख हलली. मग धाकटीला दिली. तिनं फुंकताच राख उडून आईच्या नाचणीवर आली. आई ओरडेल असं वाटलं, पण ती धाकटीकडे बघत राहिली.

"हिचा दम चांगला हाय," मी म्हटलं. "तो तसाच राहू दे. टोकावड्याला मावशीकडं ठेवू या. तिथं पहिलीत बसंल."

आईनं नाचणीवरची राख फुंकून काढली. बराच वेळ काढत राहिली.

"मावशीला फोन लाव," ती म्हणाली.

"मंग मी जगायला नाय जायाची?" धाकटीनं विचारलं.

मी मावशीचा नंबर शोधत होते.

"यंदा आमीच जातो," आई म्हणाली. "तू शाळंत जा."