राजीखुशीने

मुलाने फायनान्सवर जीप घेतली. भीमाशंकरला जाणारी माणसं तो तिच्यातून न्यायचा, त्यावरच घर चालायचं. मध्ये तो महिनाभर अंथरुणाला खिळला आणि हप्ते थकले. थकले हे मी नाकारत नाही.

एके दिवशी तो आळेफाट्याला गेला होता. दुपारी इस्त्रीच्या शर्टातले चौघे गेटवर आले. "आजी, घरात कोण कोण असतं?" नात लग्नाची. मला वाटलं, मुलगी बघायला आलेत. मूर्ख मी. गेटचं कुलूप काढलं, सतरंजी टाकली, नातीला साडी नेसायला लावून चहा आणायला सांगितला. चौघांनी तो प्यायला. मग एक म्हणाला, "जीप कशी चालतीय, बघू का?" स्थळवाले गाडी, विहीर, गोठा सगळं बघतातच. मी चावी दिली.

त्याने जीप सुरू केली. दुसऱ्याने कागद आणि शाईची डबी पुढे केली. "हप्ते थकलेत. गाडी कंपनीत जमा करायचीय. अंगठा लावा."

मी चौथी शिकले आहे. कागद वाचला. ‘मी राजीखुशीने गाडीचा ताबा देत आहे.’

"राजी कोण? आन् खुशी कुणाची?"

"आजी, तुमीच गेट उघडलं, तुमीच चावी दिली."

"पावण्यांना दिली, मुडद्या! दरोडेखोरांना न्हाई!"

मी गेटला आतून कुलूप घातलं आणि जीपसमोर उभी राहिले. "घाल अंगावर." नातीने पोलीस पाटलांना फोन लावला. ते लगेच गेटबाहेर येऊन उभे राहिले.

"नोटीस दिली का?" त्यांनी विचारलं.

"फोन केलेत की."

"फोन म्हंजी नोटीस न्हाई. कंपनीचं पत्र? वळखपत्र?"

एकाने खिसे चाचपले, त्यातून काहीच निघालं नाही.

"मग घरात शिरून, म्हातारीला फसवून गाडी न्यायची, हा कुठला कायदा? आधी नोटीस द्या, मुदत द्या. तरी भरलं न्हाई तर रीतसर या."

"पाटील, सगळीकडं असंच चालतं," एकजण म्हणाला.

मी चावी हिसकावली, गेटचं कुलूप काढलं आणि त्यांना बाहेर काढलं.

नोटीस नंतर पोस्टाने आली. मुदतीत मुलाने थकलेलं भरलं, जीप राहिली. तो म्हणतो, "जाऊ दे आई, मिटलं." मिटलं कसलं? कर्ज आमचं, ते आम्ही फेडतोय. पण माझी खुशी मेल्यांनी आधीच छापून आणली होती. असे किती कागद किती घरांत अंगठ्याखाली गेले असतील, ते कोण बघतंय?