चौकशीबाईंचं संशोधन

माझ्या भाचीला सगळी गल्ली चौकशी म्हणते. ती बोलायला लागली तीच मुळी "का?" म्हणत. डॉक्टरनं सुई हातात घेतली की ही विचारायची, "तुम्हाला कुणी टोचलं होतं का? मग तुम्ही रडलात का?" पाहुणे दारात चपला काढत असतानाच "किती दिवस राहणार?" हा प्रश्न त्यांच्या अंगावर पडायचा. माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आई, शरमेनं अर्धी व्हायची. मी मात्र खूश असायचे. म्हटलं, पोरगी पुढेमागे वकील तरी होईल, नाहीतर सासू तरी.

दोन्ही झालं नाही. ती युवा संशोधक झाली.

तिकडे मोठ्या रस्त्यावर एक संस्था आहे. तिथे बाह्या दुमडलेले एक सर असतात आणि दुधाशिवायची कॉफी असते. त्या सरांना एक दिवस प्रश्न पडला की या भागातल्या तरुण पोरांना नेमकं हवंय काय. खिडकी उघडून हाक मारली असती तर पोरांनी सांगितलं असतं. पण नाही! खाली कट्ट्यावर रोज ती दहा-पंधरा कार्टी बसलेली असायची, त्यांना वळसा घालून सर गाडीत बसायचे. मग त्यांनी ठरवलं की समवयस्कांनीच समवयस्कांना विचारायचं. त्यासाठी पोरंपोरी निवडायच्या, त्यांना शिकवायचं आणि गल्लीगल्लीत सोडायचं. चौकशी निवडली गेली. न निवडून करतात काय? मुलाखतीत तिनंच म्हणे सरांना अर्धा तास प्रश्न विचारले.

गळ्यात फोटोचं कार्ड आलं आणि आमच्या पोरीची मान एकदम लांब झाली. बहीण तर ते कार्ड लोकांना दाखवायला पोरीला गळ्यासकट ओढायची. पोरगी झोपताना तरी ते काढत होती की नाही, देव जाणे.

आता माझं सांगते. माझी लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे मशिनं, मधे पडदा आणि पडद्यामागे इस्त्रीचं टेबल. त्या टेबलावर किल्ली काम करते. समोर गल्लीपलीकडे कुलूपवाले दादा चाव्या बनवतात, त्यांची ही मुलगी. कुलूपवाल्याची म्हणून किल्ली. लहानपणापासून चौकशीची जिवाभावाची मैत्रीण. एक बडबडी, एक मुकी. एकीच्या तोंडाला झाकण नाही, तर दुसरीच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे बापाचीच हत्यारं आणावी लागतील.

कुलूपवाले दादा माणूस सरळ, पण "नाही" हा शब्द त्यांना भारी आवडतो. शाळेची सहल? नाही. सायकल? नाही. किल्ली एकदाच विचारायची आणि खाली मान घालून परत यायची. मग चौकशी जायची. त्यांच्या स्टुलावर बसायची आणि सुरू. "का नाही, काका? सहलीला पोरी हरवतात का? तुमच्या ओळखीतली कुठली हरवली? मग का नाही?" दादा कानस घासत घासत वैतागायचे, हसायचे आणि शेवटी म्हणायचे, "जा बाई वकीलबाई, जा, घेऊन जा तिला!" किल्ली सहलीला गेली ती अशी. सायकल आली ती अशी. माझ्याकडे कामाला आली तीसुद्धा अशीच. त्या बापाला पोरीचं म्हणणं पटायचं चौकशीच्या तोंडून, त्याला कोण काय करणार!

तर संस्थेत महिनाभर प्रशिक्षण झालं. काय शिकवलं, विचारा. गप्प बसायला शिकवलं! समोरचा बोलेल ते ऐकायचं, "हं" म्हणायचं, लिहून घ्यायचं आणि शेवटी "अजून काही सांगायचंय?" एवढंच विचारायचं. मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, मदत तर मुळीच करायची नाही. अहवाल होईपर्यंत माणसांच्या भानगडीत पडलं की म्हणे निष्कर्ष दूषित होतात. आणि ओळखीचं माणूस असेल तर दुप्पट तटस्थ राहायचं.

"अगं, मग ओळखीच्या पोरांनाच कशाला पाठवतात?" मी विचारलं.

"कारण लोक ओळखीच्यांशी मोकळं बोलतात, मावशी."

"आणि मोकळं बोलले की तू अनोळखी व्हायचं?"

"हं," ती म्हणाली. माझ्यावरच सराव!

गल्लीतली पोरं काय कमी! पहिल्या दिवशी सगळी घाबरली, दुसऱ्या दिवशी सोकावली. मुलाखतीबरोबर बिस्किटं मिळतात हे कळल्यावर गॅरेजमधला एक बहाद्दर टोपी बदलून परत आला. त्यानं सांगितलं, मला घोडा पाहिजे. चौकशी "हं" म्हणाली. संस्थेत त्याचं झालं 'पर्यायी वाहतुकीची मागणी'. दूधकेंद्रावरचा पहाटे उठणारा पोरगा प्रश्नाच्या मधेच भिंतीला टेकून घोरायला लागला, तर ते झालं 'विश्रांतीविषयी वाढती जाणीव'. मला हसून हसून खोकला लागला. चौकशी चिडली. म्हणाली, "मावशी, तुला गुणात्मक संशोधनातलं काही कळत नाही." खरंय बाई, मला फक्त डाग कळतात.

मग किल्लीची पाळी आली. जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलाशीच. तिसरं माणूस नको म्हणून चौकशीनं मला बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, लाँड्री माझी, पडदा माझा, कानही माझेच. मी काउंटरवर बसून कपड्यांना नंबरचे बिल्ले लावत राहिले.

आधी वय, शिक्षण, काम. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या पोरीला ही विचारतेय, "आपलं शिक्षण?" किल्ली खुदकन हसली. ही नाही हसली. मग विचारलं, "आपली सर्वांत तातडीची गरज कोणती?"

आणि मग ती मुकी पोरगी बोलली की हो! लिफ्टदुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेत तिचा नंबर लागला होता. दुसऱ्या शहरात, राहायची सोय तिथेच. माझ्या दुकानात उभी राहून ही पोरगी बिघडलेलं मशीन आतून बघायची तेव्हा तिचे डोळे कसे व्हायचे ते मी पाहिलेलं. शनिवारपर्यंत तिथल्या वसतिगृहाच्या कागदावर पालक म्हणून बापाची सही हवी होती.

"मी उद्या संध्याकाळी बाबांशी बोलणार आहे," ती म्हणाली. "पण माझ्या एकटीच्यानं नाही होणार गं. माझ्यासोबत कुणीतरी या."

कुणीतरी म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं? मशिनं थांबलेली होती, मी हातातला बिल्ला तसाच धरून बसलेले. आता ही कार्ड भिरकावेल, म्हणेल, वेडे, येते की!

पेनाचा आवाज आला. मग चौकशीबाई म्हणाल्या, "हं. अजून काही सांगायचंय?"

"नाही," किल्ली म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकशी बाहेर आली तशी मी तिचा दंड धरला. "उद्या जाणार आहेस ना तिच्याबरोबर?" तर म्हणते, "मावशी, तू ऐकलंस हेच चुकीचं आहे. आणि मी गेले तर तिचं उत्तरच बदलेल." मी म्हटलं, "अगं, बदलावं म्हणूनच तर दिलंय तिनं!" पण नाही. नाकापेक्षा मोती जड झालेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पुढच्या महिन्यात अहवाल झाला की किल्लीसारख्या सगळ्याच मुलींचा प्रश्न मुळापासून सुटणार होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी सारखी रस्त्याकडे बघत होते. चौकशी काही फिरकली नाही. कुलूपवाल्या दादांनी त्या दिवशी उजेड असतानाच शटर ओढलं. एरवी गल्लीत शेवटचा दिवा त्यांचा. मला वाटलं, अंगात कसर असेल.

सोमवारी किल्ली कामावर आली आणि तोंडातून अवाक्षर न काढता शर्ट दाबायला लागली. सही झाली का, हे मी विचारलं नाही. कॉलरवर इस्त्री अशी आपटत होती की उत्तर काउंटरपर्यंत ऐकू येत होतं. त्यानंतर चौकशी आली की ती मागे मशिनांकडे जायची. मी भाचीला म्हटलं, "बोलत नाही ती तुझ्याशी." भाची म्हणाली, "उत्तरदात्यांना नंतर थकवा येतो, मावशी. आम्हाला शिकवलंय." थोबाडीत द्यावीशी वाटली होती. बहिणीची म्हणून सोडली.

मग अहवालाचा दिवस आला. संस्थेच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम, बाहेरून माणसं येणार. सकाळी संस्थेचा शिपाई एक गठ्ठा टाकून गेला. खुर्च्यांची कव्हरं, टेबलाची कापडं आणि एक लांबलचक कापडी बॅनर, चुरगळून बोळा झालेलं. दुपारपर्यंत हवं म्हणाला. मी गठ्ठ्याला बिल्ला लावला आणि आत दिला. आम्हीही माणसांच्या कपड्यांना नंबर लावतो, पण परत देताना तोंड बघून देतो.

बऱ्याच वेळानं वाफेचा आवाज बंद झाला तो झालाच. पडदा सारला तर किल्ली टेबलाशी उभी, समोर बॅनर पसरलेलं. निळ्या अक्षरात हातभर मोठं लिहिलेलं होतं, 'माझ्यासोबत कुणीतरी या'. खाली बारीक अक्षरात, 'एक उत्तरदाती, वय एकोणीस'. आणि त्याखाली संस्थेचं नाव, ते मात्र जाड.

"राहू दे," मी म्हटलं. "मी करते."

"होत आलंय," ती म्हणाली आणि अक्षरांवरून इस्त्री फिरवत राहिली. उलट्या बाजूनं, रंग उतरू नये म्हणून. कामात ती पोरगी कधी कुचराई करत नाही.

दुपारी चौकशी आली. नवे कपडे, गळ्यात कार्ड, तोंडभर हसू. बॅनर न्यायला खास तीच आली, कारण ते वाक्य तिनं आणलेलं होतं आणि सरांनी सगळ्या अहवालातून तेच निवडलेलं. तिनं फोन काउंटरवर ठेवला आणि हात पुढे केले. पडद्यातून बॅनर घेऊन किल्लीच बाहेर आली.

चौकशीचं हसू जरा सैल झालं. "नाव कुठे टाकलेलं नाही हं," ती घाईघाईनं म्हणाली. "कुणालाच कळणार नाही."

"मला कळलं," किल्ली म्हणाली.

"अगं, पण सरांना इतकं आवडलं ते वाक्य! आता साहचर्य केंद्र निघणार आहे, ज्या मुलींना कुणाची सोबत नाही त्यांच्यासाठी. तुझ्यामुळे!" मग आवाज खाली आला. "काकांनी सही केली ना?"

"नाही."

"का?"

इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून तो जुना "का" ऐकून मलाच भरून आलं. किल्लीनं घडी काउंटरवर ठेवली, हातानं एकदा सारखी केली.

"बाबा म्हणाले, वकीलबाई आली नाही. म्हणजे हे तिलाही पटलेलं नाही. आणि तिला पटलं नाही, त्या अर्थी त्यात काहीतरी खोट असणार."

चौकशीनं पुढे केलेले हात मागे घेतले. "मी... मला काही मतच द्यायचं नव्हतं गं. ते चालत नाही. पुढची बॅच कधी? मी सरांना सांगून..."

"अजून काही सांगायचंय?" किल्लीनं विचारलं.

ती आत गेली आणि पडदा ओढला. चौकशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी जवळ घेतलं नाही, खोटं कशाला सांगू. रडू दे म्हटलं, डाग ओला असतानाच निघतो. तिनं गळ्यातलं कार्ड काढून मुठीत धरलं आणि बॅनर, फोन सगळं तिथेच टाकून गल्ली ओलांडली.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरायला लागला. मी उचलला. सर होते. "अगं, कुठे आहेस? पाहुणे आलेत! बॅनर घेऊन कुणीतरी या!"

"हं," मी म्हटलं.

"हॅलो? कुणीतरी या ना लवकर!"

"लिहून घेतलं. अजून काही सांगायचंय?"

"कोण बोलतंय?"

"नावं गुप्त असतात, सर," म्हटलं आणि ठेवून दिला. तेवढाच माझ्या जिवाला थंडावा. पण तो टिकला नाही, कारण माझं लक्ष समोर होतं आणि आमची गल्ली अरुंद आहे, पलीकडचं बोलणं ऐकू येतं.

चौकशी त्या जुन्या स्टुलाशी उभी होती. बसली नव्हती. "काका," ती म्हणाली, "मला पटलं होतं. पहिल्यापासून पटलं होतं."

दादांनी कानस थांबवली नाही. चावीचे दात घासत होते, वर बघितलंच नाही.

"आता कशाला सांगतेस, पोरी? शनिवार गेला." मग फुंकर मारून त्यांनी चावीवरचा कीस उडवला. "कागदाचं आधीच कानावर आलं होतं, म्हणून मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेलो होतो. म्हटलं, आज वकीलबाई येणार, भांडण लांबणार. सहीचं पेन खिशात घेऊन बसलो होतो."